ऱ्हाइनकाठची ज्यू गल्ली

१८ जानेवारी १०७४ रोजी जर्मनीचा राजा चौथा हेन्री याने वर्म्स शहराला एक सनद दिली. आदल्या वर्षी मोठमोठे सरदार राजावर उलटले होते आणि वर्म्सचा बिशपही राजाच्या विरोधात गेला होता. शहरवासीयांनी मात्र बिशपलाच हुसकून लावले आणि राजासाठी वेशी उघडल्या. या पाठिंब्याची जाण ठेवून राजाने त्यांना फ्रँकफुर्ट, डॉर्टमुंड, गॉस्लर अशा आपल्या नाक्यांवरची जकात माफ केली. माफी कोणाला, ते सांगताना सनदेत उल्लेख येतो तो ‘ज्यू आणि इतर वर्म्सकर’ असा. ज्यू हे शहराच्या व्यापाराचे मोठे अंग होते आणि राजाच्या दप्तराने त्यांना वर्म्सकरांतच मोजले होते.

त्यानंतर बावीस वर्षांनी, १०९६ च्या मे महिन्यात, क्रूसेडला निघालेल्या झुंडी याच शहरात शिरल्या. शहरातले लोकही त्यांना सामील झाले. हिब्रू बखरींनुसार सुमारे आठशे ज्यू मारले गेले.

मध्ययुगीन युरोपातल्या ज्यूंविषयी आपण जे वाचतो ते बहुधा या दुसऱ्या तारखेविषयी असते. कत्तली, हकालपट्ट्या, विहिरीत विष घातल्याचे आळ, अंगावर लावायला भाग पाडलेल्या खुणा असा तो सिलसिला असतो आणि विसाव्या शतकातल्या छळछावण्यांपाशी येऊन तो थांबतो. यातले काहीच खोटे नाही. पण एवढेच वाचले, की ज्यू माणूस आपल्या डोळ्यांपुढे फक्त मरताना येतो. तो सकाळी कुठे जाई, मुलाला कोणत्या वयात शाळेत घाली, शेजाऱ्याशी पैशावरून तंटा झाला तर दाद कोणाकडे मागे, त्याची बायको दिवसभर काय करी, कर किती द्यायचा हे कोण ठरवी, यातले काही ठाऊक नसताना आपण हळहळतो. ज्याचे जगणे ठाऊक नाही, त्याच्या मरणाची हळहळ फार काळ टिकत नाही. हे पुस्तक त्या जगण्याविषयी आहे. १०७४ आणि १०९६ या दोन्ही तारखा एकाच शहराच्या कशा असू शकतात, हे त्या जगण्यातूनच कळते.

वर्म्सच का निवडले, याचे कारण आधी सांगतो. ऱ्हाइन नदीच्या काठी श्पायर, वर्म्स आणि माइन्त्स अशी तीन शहरे जवळजवळ वसली आहेत. तिन्ही बिशपांची, तिन्ही मोठ्या कॅथीड्रलची. दहाव्या-अकराव्या शतकांत इथे ज्यू कुटुंबे स्थिरावली आणि पाहता पाहता या तीन वस्त्या उत्तर युरोपातल्या ज्यू विद्येचे माहेर झाल्या. शहरांच्या हिब्रू नावांची आद्याक्षरे जोडून या त्रिकुटाला ‘शूम’ म्हणत. धर्मशास्त्राच्या निवाड्यात शूमचा शब्द दूरदूरपर्यंत मानला जाई. जर्मनीत आणि पुढे पोलंड, रशियात पसरलेल्या अश्केनाझी ज्यूंच्या कितीतरी चालीरीतींचे मूळ इथे सापडते. २०२१ साली युनेस्कोने या तीन शहरांतल्या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातही वर्म्स वेगळे ठरते, कारण सिनेगॉग, स्नानकुंड, दफनभूमी आणि गल्ली असा वस्तीचा सगळा सांगाडा तिथे आजही ओळखता येतो. शिवाय तिथल्या माणसांनी लिहिलेलेही पुष्कळ हाती आहे.

ही गल्ली शहराच्या ईशान्य कोपऱ्यात, उत्तरेच्या तटाला लागून आहे. सुरुवातीच्या शतकांत तिथे राहण्याची सक्ती नव्हती; कोंडून घातलेली ‘गेटो’ ही नंतरच्या काळाची गोष्ट. पण प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, फार लांब चालता येत नाही, मांस ठरावीक पद्धतीनेच कापलेले हवे, पावही आपल्या माणसाच्या देखरेखीखालचा हवा. अशा धर्माची माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहणारच. आणि गल्ली तटाला लागून होती, म्हणजे शहरावर संकट आले की ते त्यांच्या उंबऱ्यावर येई. १२०१ च्या सुमारास शहराला वेढा पडला तेव्हा ज्यूंनी इतर नागरिकांच्या बरोबरीने शस्त्रे हाती घेतली. शब्बाथला शस्त्र बाळगण्याची मुभा त्यांच्या रब्बींनीच दिली होती.

वस्तीचे केंद्र म्हणजे सिनेगॉग. पहिले बांधले गेले १०३४ साली. याकोव बेन दाविद आणि त्यांची पत्नी राचेल या दांपत्याने त्यासाठी धन दिले, आणि तसे सांगणारा शिलालेख अजून वाचता येतो. ती वास्तू पुढे पाडून ११७४-७५ मध्ये नवी उभारली गेली. मधोमध दोन खांब आणि त्यांवर तोललेले छत अशी तिची रचना होती. त्याच वर्षांत काही मिनिटांच्या अंतरावर वर्म्सचे कॅथीड्रल पुरे होत आले होते आणि दोन्हीकडच्या खांबांवरचे कोरीव काम एकाच कार्यशाळेची ओळख सांगते. जे पाथरवट बिशपसाठी दगड घडवत होते, तेच ज्यूंसाठीही घडवत होते. मध्ययुगातल्या शेजाराविषयी बोलताना मी हे दगड नेहमी पुढे ठेवतो. धर्मग्रंथांत एकमेकांविषयी काहीही लिहिलेले असो, कारागीर, मजुरी आणि माप ही शहराची सामाईक होती.

१२१२-१३ मध्ये मेइर बेन योएल आणि त्यांची पत्नी यूडिथ यांनी या वास्तूला लागून बायकांसाठी स्वतंत्र दालन बांधून दिले. हे दालन म्हणजे मागची अंधारी खोली नव्हती. तिथे बायकांची प्रार्थना चालवणारी बाई असे. १२७५ साली वारलेल्या ऊरानिया यांच्या थडग्यावर त्यांचे हेच काम कोरून ठेवले आहे. सिनेगॉगच्या गायकांचे प्रमुख असलेल्या अब्राहाम यांच्या त्या कन्या; बायकांसमोर गोड गळ्याने त्या प्रार्थना म्हणत. बायकांच्या धार्मिक नेतृत्वाचा असा दगडावरचा पुरावा तेराव्या शतकातला असावा, हे मला वर्म्सच्या सर्वांत मोठ्या देणग्यांपैकी एक वाटते.

सिनेगॉगच्या आवारातच ११८५-८६ मध्ये बांधलेले मिकवे, म्हणजे शुद्धीचे स्नानकुंड आहे. पाळीनंतर आणि बाळंतपणानंतर बायका इथे स्नान करत. धर्मशास्त्राची अट अशी की पाणी भरून आणलेले चालत नाही. ते पावसाचे, झऱ्याचे किंवा जमिनीच्या पोटातले असले पाहिजे. त्यामुळे शहरात मिकवे बांधायचे तर भूजलापर्यंत खोदत जावे लागे. शेजारच्या श्पायरचे, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातले मिकवे सुमारे दहा मीटर खोल आहे. पायऱ्या उतरत जायचे, मध्ये कपडे बदलण्याची जागा, वरून झिरपणारा थोडा उजेड आणि तळाशी बर्फासारखे पाणी. डिसेंबरातल्या रात्री ही पायरी उतरणाऱ्या बाईच्या धर्मपालनाला काय किंमत द्यावी लागत होती, हे ग्रंथांपेक्षा त्या पायऱ्या स्पष्ट सांगतात.

पण सिनेगॉग आणि मिकवे ही वस्तीची दिसणारी अंगे. न दिसणारे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे ‘कहाल’, अर्थात संघटित समाज. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी त्याला दिला आहे.

मध्ययुगीन शहरात माणसाला त्याच्या संघटनेमुळे ओळख असे. विणकर आपल्या श्रेणीचा, पाद्री आपल्या मठाचा. ज्यूला या कशातच जागा नव्हती, म्हणून त्याने आपली संस्था आपणच उभी केली. वर्म्समध्ये बारा जणांचे मंडळ वस्तीचा कारभार पाही. त्यांतल्या एकाला प्रमुख नेमले जाई आणि ख्रिस्ती लोक त्याला ‘ज्यूंचा बिशप’ म्हणत. राजाला आणि बिशपला द्यायचा कर वस्तीवर एकरकमी बसे. कोणाच्या वाट्याला किती, हे मंडळ ठरवी. गरिबांची तरतूद, वाटसरूंची सोय, शिक्षकांचे पोट, दफनभूमीची देखभाल, कैदेत पडलेल्यांना सोडवण्याचा पैसा ही सगळी कामे या संस्थेची. बाहेरून कोणी येऊन वस्ती करू म्हणाला, तर त्याला समाजाची परवानगी लागे. आज ही अट जाचक वाटेल. पण नवा व्यापारी आला की जुन्याच्या पोटावर पाय येई आणि त्याने काही आगळीक केली तर शिक्षा सगळ्यांना होई, हे लक्षात घेतले की तिचा अर्थ लागतो.

या कारभारातली एक प्रथा मला फार मोलाची वाटते. कोणावर अन्याय झाला आणि त्याची दाद लागत नसेल, तर त्याला सिनेगॉगमध्ये उभे राहून प्रार्थनाच थांबवता येई. आधी माझे ऐका, मग देवाचे नाव घ्या, असे म्हणण्याचा तो हक्क होता. दुबळ्या माणसाच्या हाती याहून मोठे हत्यार कोणते असणार? या प्रथेवर निर्बंधही घातले गेले, कारण कोणीही उठून रोजची प्रार्थना अडवू लागला तर कारभार चालायचा नाही. हक्क आणि निर्बंध यांची ही ओढाताण वाचताना जिवंत समाज काय असतो ते कळते.

नियम करण्याची ही परंपरा जुनी होती. हजार सालाच्या आगेमागे माइन्त्सला होऊन गेलेले रब्बी गेर्शोम यांच्या नावावर तीन प्रसिद्ध बंधने सांगितली जातात : एका पत्नीवर दुसरी करू नये, पत्नीच्या संमतीवाचून घटस्फोट देऊ नये आणि दुसऱ्याचे पत्र उघडून वाचू नये. शेवटचा नियम ऐकायला साधा वाटतो. पण ज्यांचा सगळा व्यापार गावोगावच्या आप्तांबरोबरच्या पत्रांवर चाले, त्यांच्यासाठी तो बाजारातल्या विश्वासाचा पाया होता. पुढे १२२० च्या सुमारास श्पायर, वर्म्स आणि माइन्त्सचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि त्यांनी तिन्ही वस्त्यांसाठी सामाईक नियम घालून दिले. राजदरबारी वजन असलेल्यानेही करातला वाटा चुकवू नये. रब्बीने समाजाच्या संमतीशिवाय कोणाला बहिष्कृत करू नये. सिनेगॉगमध्ये गप्पा मारू नयेत. बहिष्कार हे त्या काळातले सर्वांत धारदार शस्त्र. ते एका माणसाच्या हाती, मग तो कितीही विद्वान असो, राहू द्यायचे नाही, एवढी समज या तीन शहरांना होती.

विद्येवर एक संपूर्ण प्रकरण आहे. बायबल आणि तालमूद हा धर्मशास्त्राचा ग्रंथ यांचे सर्वांत मोठे भाष्यकार राशी हे फ्रान्सातल्या त्र्वा गावचे. जन्म १०४० चा, मृत्यू ११०५ चा. तरुणपणी ते शिकायला माइन्त्सला आणि वर्म्सला आले होते. वर्म्समध्ये इसाक हलेवी हे त्यांचे गुरू. तालमूद कुठेही उघडा, मजकुराच्या एका बाजूला राशींचे भाष्य असते. जगातला कोणताही ज्यू विद्यार्थी ज्या बोटाला धरून आजही तालमूद शिकतो, ते बोट या ऱ्हाइनकाठच्या पाठशाळांत घडले.

आणि विद्येची सुरुवात कशी होई, तेही आपल्याला तपशिलात ठाऊक आहे. वर्म्सचे रब्बी एलाझार यांनी ती पद्धत लिहून ठेवली आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शावुओथच्या सणाला, म्हणजे सिनाई पर्वतावर तोरा हा धर्मग्रंथ मिळाल्याच्या दिवशी, पहाटे उठवत. वाटेत त्याची नजर कशावर पडू नये म्हणून त्याला कापडात गुंडाळून कडेवरून गुरुजींकडे नेत. गुरुजी त्याला मांडीवर घेत आणि पाटीवर लिहिलेली हिब्रू अक्षरे सुलट, मग उलट वाचून दाखवत. मूल त्यांच्यामागून म्हणे. मग पाटीवर मध लावत आणि मुलाने तो अक्षरांवरून चाटून घ्यायचा. मधाच्या पोळीवर आणि उकडलेल्या अंड्यावर वचने लिहिलेली असत. तीही वाचून झाली की खायची. शेवटी मुलाला नदीकाठी नेत. विजयादशमीला पाटीपूजन करून श्रीगणेशा गिरवलेल्या आपल्या वाचकाला या विधीचा आनंद वेगळा समजावून सांगायची गरज नाही. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की हा सोहळा श्रीमंतांपुरता नव्हता. वाचता येणे हा या समाजात प्रत्येक मुलग्याचा धर्म होता, तोही अशा काळात, जेव्हा आसपासच्या ख्रिस्ती शहरात अक्षरओळख बहुतांशी पाद्र्यांपुरती होती.

याच एलाझार यांच्या घरातून आपल्याला एका बाईचा दिवस दिसतो. त्यांची पत्नी डुल्सिया. नवरा ग्रंथ लिहिण्यात आणि शिष्यांना शिकवण्यात बुडालेला. घर आणि पाठशाळा डुल्सिया यांच्या कमाईवर चालत. लोक विश्वासाने त्यांच्याकडे पैसे ठेवत, त्या ते व्याजाने लावत आणि त्या नफ्यावर मुले, शिक्षक आणि शिष्य एवढ्यांचे चालवत. तोराच्या गुंडाळ्यांचे चर्मपट शिवायला लागणारे दोरे त्या स्वतः वळत. सुमारे चाळीस गुंडाळ्या त्यांनी शिवल्या होत्या. सिनेगॉगसाठी वाती आणि मेणबत्त्या करणे, नवऱ्या मुलीला सजवणे, मेलेल्या बाईला न्हाऊ घालून कफन शिवणे, बायकांना प्रार्थना शिकवणे ही सगळी कामे त्यांची. धाकटी हन्ना सहा वर्षांची, थोरली बेलेट तेरा वर्षांची. बेलेट आईकडून प्रार्थना आणि गाणी शिकली होती.

एवढे बारीक तपशील आपल्याला ठाऊक आहेत, कारण एलाझार यांनी ते शोकगीतात लिहिले. ११९६ च्या हिवाळ्यात एका रात्री दोन हत्यारबंद माणसे घरात शिरली. त्यांनी दोन्ही मुलींना मारले, एलाझार यांना, मुलाला आणि शिष्यांना जखमी केले. डुल्सिया मदतीसाठी ओरडत बाहेर धावल्या आणि तिथेच मारल्या गेल्या. मारेकऱ्यांपैकी एकाला शहराच्या अधिकाऱ्यांनी पकडून आठवड्याच्या आत देहदंड दिला. ही शेवटची गोष्ट विसरून चालणार नाही. कायदा होता आणि तो चाललाही. पण तो चालला डुल्सिया मारल्या गेल्यानंतर.

या कायद्याचे स्वरूप समजल्याशिवाय वर्म्सची गोष्ट कळत नाही. १०९० साली चौथ्या हेन्रीने वर्म्सच्या ज्यूंना स्वतंत्र सनद दिली. त्यांच्या मालमत्तेला हात लावू नये. त्यांच्या घरात परवानगीवाचून पाहुणे उतरवू नयेत, राजाच्या कामासाठी त्यांचे घोडे ओढून नेऊ नयेत. त्यांना व्यापार करता येईल, नाणी बदलून देता येतील, ख्रिस्ती लोकांना मद्य, रंग आणि औषधे विकता येतील. त्यांच्या मुलांचा बळजबरीने बाप्तिस्मा करू नये. स्वखुशीने कोणी करू म्हणाला तर त्याला तीन दिवस थांबवून खात्री करून घ्यावी. तापल्या लोखंडाचे किंवा पाण्याचे दिव्य त्यांना करायला लावू नये. आपसातले तंटे त्यांनी आपल्या शास्त्राप्रमाणे मिटवावेत. विकत घेतलेला माल चोरीचा निघाला, तर आपण दिलेली किंमत शपथेवर सांगावी, ती परत घ्यावी आणि माल मूळ मालकाला द्यावा.

ही सनद वाचून माणूस चकित होतो. यांतले कित्येक हक्क तेव्हाच्या ख्रिस्ती कुळाला स्वप्नातही मिळाले नसते. पण हे सगळे राजाच्या मर्जीचे होते. राजा आल्प्सपलीकडे इटलीत असला, की सनद वर्म्सच्या पेटीतच राही. १०९६ च्या मे महिन्यात नेमका हेन्री इटलीत होता.

त्या महिन्यात श्पायरच्या बिशपने बहुतेक ज्यूंना वाचवले. तिथे अकरा जण मारले गेले. वर्म्समध्ये बातमी आली तेव्हा वस्तीत दोन गट पडले. काही जण बिशपच्या वाड्यात आश्रयाला गेले. बाकीचे आपापल्या घरी राहिले. शेजाऱ्यांनी रक्षणाचा शब्द दिला होता आणि कित्येकांनी त्यांच्याकडे पैसाअडका ठेवायला दिला होता. १८ मे रोजी घरी राहिलेले मारले गेले. वाड्यातल्या लोकांनी त्यांची प्रेते झाकण्यासाठी आपल्याकडची वस्त्रे पाठवली. आठवड्याने, २५ मे रोजी, वाड्यावर हल्ला झाला. बाप्तिस्मा घेण्यापेक्षा अनेकांनी स्वतःच्या हाताने स्वतःला आणि आपल्या माणसांना मारले. या आत्मबलिदानाचे बखरकारांनी देवापुढच्या यज्ञाच्या भाषेत वर्णन केले आणि ती भाषा पुढची कित्येक शतके अश्केनाझी ज्यूंच्या प्रार्थनेत राहिली. हिब्रू बखरींतले हे भाग मी पुस्तकात सविस्तर दिले आहेत, पण पुस्तकाच्या शेवटी नाही, मध्ये. कारण हा शेवट नव्हता. पुढच्याच वर्षी, १०९७ मध्ये, सम्राट हेन्रीने बळजबरीने बाटवलेल्यांना आपल्या धर्मात परत जायची मुभा दिली. चर्चचा विरोध असूनही ते परतले. सिनेगॉग पुन्हा भरले आणि ज्या मिकवेचे आणि दालनांचे वर्णन मी वर केले, ती सगळी या कत्तलीनंतर बांधलेली आहेत.

तेराव्या शतकात राजाचे संरक्षण हळूहळू मालकीत बदलले. १२३६ साली सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सगळ्या जर्मन ज्यूंना आपल्या खजिन्याचे सेवक ठरवले. हेतू संरक्षणाचा सांगितला गेला, पण खजिन्याची वस्तू गहाण टाकता येते, विकताही येते. याच काळात व्यापाराच्या इतर वाटा बंद होत गेल्या. ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या श्रेणी बळकट झाल्या, चर्चने ख्रिस्ती लोकांना व्याजाची मनाई केली आणि सावकारी हाच ज्यूंसमोरचा मुख्य धंदा उरला. मग त्याच धंद्यावरून त्यांचा द्वेष करणे सोपे झाले. सम्राट चौथा लुडविग याने १३४२ मध्ये बारा वर्षांवरच्या आणि वीस गुल्डेनपेक्षा अधिक मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूवर वर्षाला एक गुल्डेन असा डोईकर बसवला. १३४८ मध्ये राजा चौथा कार्ल याने वर्म्सचे ज्यू त्यांच्या जिवासह आणि मालमत्तेसह शहराच्या हवाली केले. पुढच्या वर्षी प्लेगची भीती पसरली आणि विहिरींत विष घातल्याच्या आळावरून १ मार्च १३४९ रोजी वर्म्सची वस्ती उद्ध्वस्त झाली. काही वर्षांतच शहराने ज्यूंना पुन्हा बोलावले, कारण त्यांच्या कराशिवाय आणि कर्जाशिवाय शहराचे भागत नव्हते. पंधराव्या शतकात श्पायर आणि माइन्त्स यांनी आपले ज्यू घालवून दिले, तेव्हाही वर्म्सची वस्ती टिकली.

वस्ती टिकली ती कशाच्या बळावर, या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे. सनदेने ती अनेकदा वाचली, पण सनदेच्या भरवशावर टिकली नाही. शेजाऱ्याच्या मायेवरही नाही. ती टिकली कहालच्या बळावर : वाटून घेतलेल्या कराच्या, एकत्र केलेल्या नियमांच्या, लिहिता-वाचता येणाऱ्या मुलांच्या आणि नावे लिहून ठेवण्याच्या सवयीच्या. कत्तलीत मेलेल्यांची नावे स्मरणग्रंथांत उतरवली जात आणि वर्षातून ठरलेल्या शब्बाथला सिनेगॉगमध्ये मोठ्याने वाचली जात.

शहराच्या तटाबाहेरची ‘पवित्र वाळू’ नावाची दफनभूमी ही याच सवयीचे दगडी रूप आहे. वाचता येणारी सर्वांत जुनी शिळा १०५८-५९ सालची आहे आणि एकूण शिळा सुमारे अडीच हजार. त्यांतल्या दोन शेजारी शेजारी आहेत. एक रोथेनबुर्गच्या रब्बी मेइर यांची. ते त्यांच्या काळातले सर्वांत मोठे धर्मशास्त्री. देश सोडून जात असताना १२८६ मध्ये ते पकडले गेले, राजाच्या कैदेत राहिले आणि १२९३ मध्ये तिथेच वारले. राजाने प्रेतही खंडणीशिवाय दिले नाही. चौदा वर्षांनी, १३०७ मध्ये, अलेक्झांडर बेन सालोमो नावाच्या व्यापाऱ्याने आपला पैसा खर्चून ते सोडवले आणि वर्म्सला पुरले. त्याची इच्छा एकच होती : आपल्याला त्यांच्या शेजारी जागा मिळावी. ती मिळाली. पुढे १४२७ मध्ये माइन्त्सचे रब्बी याकोव मोएलिन यांनाही याच भूमीत पुरले. लग्नात वधूवरांवर गहू कसे टाकावेत इथपासून सणांच्या चाली कोणत्या इथपर्यंतचे अश्केनाझी रीतिरिवाज आपल्याला त्यांच्या शिष्यांच्या नोंदींतून कळतात.

मराठी वाचकाला ज्यू समाज परका नाही. कोकणातले बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत आले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले, मराठी बोलले, मराठीत लिहिले. सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत १७९६ मध्ये सिनेगॉग बांधले. त्यांच्या शेजाराच्या अनुभवात १०९६ किंवा १३४९ नाही, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. पण त्यामुळेच वर्म्स वाचताना आपल्याला एक अडचण येते. इतकी हिंसा पाहून आपण त्या शहराला माणुसकी नसलेले ठरवून मोकळे होतो. तसे ते नव्हते. तिथे एकाच कार्यशाळेतले पाथरवट होते, तटावर बरोबरीने उभे राहिलेले नागरिक होते, मारेकऱ्याला देहदंड देणारे अधिकारी होते. अशा शहरातही अफवा, कर्ज आणि धर्माचा उन्माद एकत्र आले की आठ दिवसांत काय होते, हे समजून घेणे अधिक कठीण आहे आणि अधिक गरजेचेही.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी नाझींनी वर्म्सचे सिनेगॉग जाळले. उरल्यासुरल्या ज्यूंना १९४२ मध्ये छावण्यांकडे नेले गेले. वास्तू मूळचे दगड वापरून पुन्हा उभारली आणि १९६१ मध्ये खुली झाली. त्या विध्वंसातून वस्तीची प्रार्थनापोथीही वाचली. १२७२ सालची ही हस्तलिखित पोथी आता जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्या एका पानावर, एका हिब्रू शब्दाच्या मोठ्या अक्षरांच्या पोकळ्यांत, लेखनिकाने यिडिशमध्ये, म्हणजे अश्केनाझी ज्यूंच्या बोलीत, एक छोटेसे वाक्य लिहून ठेवले आहे. ही जड पोथी सिनेगॉगपर्यंत वाहून नेणाऱ्याचे भले होवो, अशा अर्थाचे. आज उपलब्ध असलेले, साल ठाऊक असलेले यिडिशमधले ते सर्वांत जुने वाक्य आहे आणि ते एका हमालीच्या कामाविषयी आहे.

पुस्तकाची प्रकरणे म्हणूनच अशा क्रमाने लावली आहेत : आधी गल्ली, सिनेगॉग आणि मिकवे, मग कहाल, शाळा, बायका, बाजार आणि सनदा, त्यानंतर १०९६ आणि १३४९, आणि शेवटी पुन्हा उभी राहिलेली वस्ती. वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी कत्तलींच्या प्रकरणांकडे थेट वळू नये. करांचे वाटप आणि बहिष्काराचे नियम वाचायला रूक्ष वाटतील, पण ते वगळले तर ही माणसे आपल्याला पुन्हा फक्त बळी म्हणूनच भेटतील. ते आधी कर भरणारे, भांडणारे, शिकवणारे, दोरे वळणारे वर्म्सकर होते. १०७४ च्या सनदेने त्यांना मानले तसे मानून हे पुस्तक लिहिले आहे. वाचकांनीही त्यांना तसेच भेटावे.